आधी मजुरी, मग दर
(एका नव्या पोर्ट्रेट स्टुडिओच्या वहीतून)

साताऱ्यात पोर्ट्रेट स्टुडिओ टाकायचा आहे. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या काउंटरवर काम केलं, आता स्वतःचा. ही वही पैशांची. जसं सुचेल तसं लिहीत जाणार आहे, पण एक गोष्ट पहिल्याच पानावर ठसठशीत लिहून ठेवतो, कारण बाकीचा सगळा हिशेब तिच्यावर उभा राहायचा आहे: मालकाची मजुरी हा खर्च आहे. महिन्याच्या खर्चाच्या यादीत भाड्याच्या लगेच खाली तिची ओळ आली पाहिजे.

*

गाळ्याची लांबी लेन्सवरून ठरते, आणि लांबीवरून भाडं.

८५ मिलिमीटरची लेन्स चेहऱ्याला शोभते. नाक पुढे येत नाही, चेहरा ताणला जात नाही. पण उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत त्यात बसवायचा तर फुल फ्रेम कॅमेरा त्याच्यापासून साधारण १६ फूट मागे न्यावा लागतो. माणूस आणि बॅकड्रॉप यांच्यात ५-६ फूट हवेत, नाहीतर सावली पडद्यावर पडते. कॅमेऱ्यामागे मला उभं राहायला तीनेक फूट. झाले २५. तेच काम ५० मिलिमीटरवर १९ फुटांत भागतं.

१२ फूट रुंद आणि २५ फूट लांब गाळा म्हणजे ३०० चौरस फूट. चौरस फुटाला ४० रुपये धरले तर भाडं १२,०००. लांबी २० फूट केली तर ९,६००. म्हणजे ८५ची लेन्स उभ्या फोटोला वापरण्याची हौस महिन्याला २,४०० रुपयांची. तरी २५ फूटच घेणार. आपल्याकडे फोटो काढायला माणूस एकटा क्वचित येतो. आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं असा सगळा गोतावळा येतो, आणि त्याला मागेपुढे जागा लागते.

*

तळमजला की पहिला मजला? पहिल्यावर भाडं कमी. पण माझं गिऱ्हाईक कोण? गुडघे धरून चालणारी आजी, सातव्या महिन्यातली सून, काखेत बाळ आणि खांद्याला पिशवी अडकवलेली आई. जिना यांच्यापैकी प्रत्येकीला नको वाटणार. म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या पहिल्या मजल्यापेक्षा गल्लीतला तळमजला बरा. पाटी रस्त्यावर लावता येते, जिना काढून टाकता येत नाही.

*

भाडेकरार. अकरा महिन्यांचा कागद करायची सवय सगळ्यांना लागली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणी करायचीच आहे तर ३६ महिन्यांची करू.

कारण साधं आहे. रंग, वायरिंग, एसी, मेकअपचा आरसा, पडद्याचे रूळ, पाटी यांना १,२०,००० लागणार. यातलं फारसं काही उचलून नेता येत नाही. ३६ महिन्यांत वाटले तर महिन्याला ३,३३३ रुपये पडतात. अकरा महिन्यांनी मालकानं गाळा मागितला तर तेच महिन्याला जवळजवळ ११,००० पडले, म्हणजे दुसरं भाडंच झालं. करारात दोन कलमं हवीत: मुदतीआधी मालकानं खाली करायला सांगायचं नाही, आणि दर वर्षाची वाढ किती टक्के ते आजच लिहायचं.

*

सुरुवातीची यादी. आकडे हिशेबासाठी धरले आहेत, कोटेशन आलं की दुरुस्त करायचे.

कॅमेरा बॉडी १,५०,०००. दोन लेन्स ९०,०००. दोन स्ट्रोब, सॉफ्टबॉक्स, स्टँड, ट्रिगर ८०,०००. संगणक आणि रंग नीट दाखवणारा मॉनिटर ९०,०००. प्रिंटर २५,०००. बॅकड्रॉप १५,०००. साधनांची बेरीज ४,५०,०००.

गाळ्याचं काम १,२०,०००. डिपॉझिट ७५,०००. खेळतं भांडवल २,००,०००. अडीनडीला ५५,०००.

एकूण नऊ लाख. पाच माझे, चार बँकेचे.

साधनांचे आकडे जीएसटीसकट आहेत. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी पडतो, आणि मी स्वतः जीएसटीत नोंदलेला नसेन तर तो परत मिळत नाही. म्हणून पेटीवरच्या छापील किमतीला भुलायचं नाही, बिलाच्या शेवटच्या ओळीतला आकडा धरायचा.

*

खेळतं भांडवल कापून चांगली लेन्स घ्यावी असा मोह प्रत्येकाला होतो. २५ मार्च २०२० आठवावा. टाळेबंदी लागली ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. साधनं सगळ्यांकडे होती. टिकाव लागला तो ज्याच्याकडे भाड्याचे पैसे बाजूला होते त्याचा. भारी लेन्स असून गाळा सोडावा लागला, तर त्या लेन्सचं करायचं काय?

दोन लाख म्हणजे घरखर्च सोडून चार महिने गाळ्याचं दार उघडं ठेवण्याची सोय. घरचे पहिले चार महिने वेगळे, घरच्या खात्यात. ते पैसे स्टुडिओच्या खात्यात येणार नाहीत आणि स्टुडिओचे घरी जाणार नाहीत. खाती पहिल्या दिवसापासून दोन.

*

बँक. मुद्रा योजना २०१५ पासून आहे. ५० हजारांपर्यंत शिशू, तिथून ५ लाखांपर्यंत किशोर, पुढे १० लाखांपर्यंत तरुण. माझे चार लाख किशोरमध्ये बसतात, तारण लागत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. मोजकीच माणसं कामाला असली की दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ खाली परवान्याची गरज नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. ती पावती बँक मागते, म्हणून कर्जाच्या अर्जाआधी काढायची.

चार लाख, पाच वर्षं, ११ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण ८,७००. पाच वर्षांत परत करायचे ५,२२,०००, म्हणजे व्याज सव्वा लाखाच्या आसपास. हा आकडा घरी सगळ्यांना दाखवला. कर्ज एकट्याच्या सहीवर निघालं तरी ते फेडतं घर.

*

महिन्याचा खर्च.

भाडं १२,०००. माझी मजुरी ३०,०००. मदतनिसाचा पगार १४,०००. वीज ३,०००. इंटरनेट, फोन, सॉफ्टवेअर २,०००. विमा १,०००. साफसफाई आणि दुरुस्ती १,५००. नमुन्याचे प्रिंट आणि जाहिरात १,५००. बँकेचा हप्ता ८,७००. साधन निधी ६,३००.

बेरीज ८०,०००.

*

साधन निधी म्हणजे काय, हे भावानं विचारलं. साडेचार लाखांची साधनं सरासरी सहा वर्षं चालतील असं धरलं. वर्षाला ७५,०००, महिन्याला सव्वासहा हजार. ते वेगळ्या आवर्त ठेवीत जाणार.

तो म्हणाला, हप्ता भरतोस ना कॅमेऱ्याचा? मग परत कॅमेऱ्यासाठी पैसे कशाला? त्याला सांगितलं: हप्ता आत्ताच्या कॅमेऱ्याचा, निधी पुढच्या कॅमेऱ्याचा. आयकराच्या हिशेबात संगणकाचा घसारा वर्षाला ४० टक्के धरतात, कॅमेऱ्यासारख्या यंत्रांचा १५ टक्के. तो कागदावरचा घसारा कर कमी करतो, पण त्यानं शटर नवं येत नाही. शटर गेलं त्या दिवशी खात्यात रोख पैसे लागतात. निधी नसला तर दुसरं कर्ज, मग तिसरं. स्टुडिओवाल्याचा जन्म हप्त्यांत जातो तो असा.

*

आता वेळ.

एका सिटिंगला खरा वेळ किती जातो, हे घड्याळ लावून बघितलं. आधी फोनवर आणि समोर बसून बोलणं, कपडे कुठले, किती माणसं: अर्धा तास. प्रत्यक्ष फोटो: दीड तास. गिऱ्हाइकाबरोबर बसून निवड: एक तास. संगणकावर काम: दोन तास. प्रिंट, फ्रेम, देणं: अर्धा तास. साडेपाच तास.

गिऱ्हाईक यातला फोटोचा दीडच तास धरतं. "दादा, तासाभराच्या कामाला एवढे?" असं कुणी म्हटलं तर त्यात त्याचा दोष नाही. उरलेले चार तास त्याला दाखवणं माझं काम आहे. दरपत्रकावर सिटिंगमध्ये काय काय येतं ते एकेका ओळीत लिहायचं.

*

काउंटरवरचं काम म्हणजे पासपोर्ट साइज फोटो, जुन्या फोटोची कॉपी, लॅमिनेशन. हे मदतनिसाच्या हातात.

चार बाय सहा इंचाच्या कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो आडवे-उभे बरोबर आठ बसतात. माणूस स्टुलावर बसतो, कॉलर सरळ करतो, कानामागचे केस सारखे होतात, एक फ्लॅश. पाच मिनिटांत शीट बाहेर. कटरची पात आधी लांबीला एकदा, मग रुंदीला तीनदा. आठ चेहरे पाकिटात. माणूस तिथेच पाकीट उघडून एक फोटो बाहेर काढतो, बघतो, परत ठेवतो.

शीटचे ८० रुपये घ्यायचे. कागद, पाकीट, वाया जाणारं सगळं धरून १६ रुपये खर्च. दिवसाला दहा गिऱ्हाइकं, २५ दिवस: महिन्याला १६,००० हाती.

हे काम वाढेल या भरवशावर राहायचं नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथल्या तिथे काढतात, आधारलाही तसंच. शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि भरतीचे अर्ज यांच्यावर हे काम चाललं आहे. तरीही सोडायचं नाही. आज ८० रुपयांच्या फोटोला आलेला मुलगा उद्या आई-वडिलांना घेऊन येतो.

*

एका कागदावर आठ चेहरे ही युक्ती फार जुनी आहे. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरनं १८५४ मध्ये कार्त-द-व्हिझितचं पेटंट घेतलं. अनेक भिंगांचा कॅमेरा, एकाच काचेवर साधारण आठ चित्रं, मग एकदाच प्रिंट आणि कातरकाम. फोटोची किंमत एकदम खाली आली. श्रीमंतांपुरतं असलेलं पोर्ट्रेट दुकानदार आणि कारकून यांच्या आवाक्यात आलं. दिस्देरीनं त्यात भरपूर पैसा कमावला.

पण युक्ती सोपी होती, सगळ्यांनी उचलली. भाव पडत गेले. १८८९ मध्ये तो वारला तेव्हा तो गरिबीत होता. स्वस्ताईत जो पहिला असतो त्याच्या मागोमाग आणखी स्वस्त देणारा येतोच. माझा स्टुडिओ नुसत्या स्वस्ताईवर उभा राहायला नको.

*

या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान.

महिन्याला लागणार ८०,०००. काउंटरवरून १६,०००. राहिले ६४,०००. महिन्याला सरासरी १६ सिटिंग होतील असं धरलं. मग प्रत्येक सिटिंगमधून ४,००० हाती राहिले पाहिजेत. प्रिंट, फ्रेम, मेमरी असा १,००० रुपयांचा माल. म्हणून सिटिंगचा सरासरी दर ५,०००.

बाजारात २,५०० ला सिटिंग मिळते. त्या दरानं गेलो तर माल वजा जाता १,५०० राहतात. ६४,००० साठी ४३ सिटिंग लागतील. ४३ गुणिले साडेपाच म्हणजे साधारण २३७ तास. महिन्यात माझ्याकडे २५ दिवसांचे आठ-आठ तास, २०० तास आहेत. काम कितीही आलं तरी हा हिशेब जुळूच शकत नाही.

आता माझी मजुरी यादीतून खोडून बघू. ६४ चे ३४ हजार झाले. त्याच १,५०० नं भागलं तर २३ सिटिंग, १२७ तास. एकदम परवडायला लागलं! साधन निधीही खोडला तर १९ सिटिंगमध्ये भागतं. आणखी छान.

आपल्याकडचे कितीतरी स्टुडिओ याच छान दिसणाऱ्या हिशेबावर सुरू होतात. दर बाजाराकडे बघून ठरतो, खर्चाच्या यादीत मालक नसतो, पुढचा कॅमेरा नसतो. गल्ल्यातून लागेल तसे पैसे घरी जातात. गिऱ्हाईक येत असतं, दुकान गजबजलेलं असतं, आणि पाच-सहा वर्षांनी कॅमेरा थकतो तेव्हा हाताशी काही नसतं. लोक म्हणतात, मोबाइलमुळे धंदा बसला. मोबाइलनं काउंटरचं काम नेलं, हे खरंच. पण बऱ्याच ठिकाणी धंदा बसायला त्याआधीच लागलेला होता. मालकाच्या फुकट मजुरीवर दर उभा होता.

*

सरासरी पाच हजार म्हणजे सगळ्यांना पाच हजार नव्हे. दरपत्रक तीन ओळींचं: एका-दोघांची साधी सिटिंग ३,५००, कुटुंबाची ५,०००, मोठी म्हणजे कपडे बदलून, अल्बमसकट ८,५००. महिन्यात सात साध्या, सहा कुटुंबाच्या, तीन मोठ्या झाल्या की बेरीज बरोबर ८०,०००. मोठ्या तीनपैकी एक गळाली तर तिच्या जागी साध्या दोन-तीन हव्यात. चौथी ओळ वाढवायची नाही. ओळी जास्त झाल्या की गिऱ्हाईक गोंधळतं आणि शेवटी सगळ्यात स्वस्त ओळीवर बोट ठेवतं.

*

वर्ष सरळ रेषेत जात नाही.

जानेवारी भरलेला: मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण, नव्या सुनेचा पहिला सण, काळी साडी आणि हलव्याचे दागिने. पांढऱ्याशुभ्र काटेरी हलव्याला नीट उजेड दिला तर तो काळ्यावर असा उठतो की दुसऱ्या पोर्ट्रेटला त्याची सर येत नाही. फेब्रुवारी बरा. मार्च परीक्षांचा. मे लग्नाचा आणि सुट्टीला आलेल्या नातवंडांचा. जून-जुलै पावसाचे. श्रावणात मंगळागौर, मग गौरी-गणपती, मग पितृपक्षाची शांतता. दसरा-दिवाळी. तुळशीच्या लग्नानंतर परत लग्नसराई.

वर्षाच्या १९२ सिटिंग महिन्यांत वाटल्या. जानेवारीत २४, जुलैत ८. जानेवारीत गरजेपेक्षा ३२,००० जास्त येतात, जुलैत नेमके ३२,००० कमी पडतात. म्हणजे जानेवारीचे जास्तीचे पैसे जुलैचे आहेत. ते फेब्रुवारीत नव्या लाइटवर खर्च झाले तर जुलैचं भाडं उधारीवर जाईल. वरकड पैसे त्याच महिन्यात दुसऱ्या खात्यात टाकायचे.

*

जिथे काम करत होतो तिथला प्रसंग. बहीण-भाऊ आले. वडील आदल्या दिवशी गेलेले. भावाच्या हातात वडिलांचं आधार कार्ड. "दादा, एवढाच फोटो आहे. मोठा करून द्या, दहाव्याला ठेवायचाय." कार्डावरचा चेहरा नखाएवढा, त्यावर लॅमिनेशनची चमक. स्कॅन केला, डाग काढले, डोळ्यांत थोडा उजेड आणला. सदरा मात्र दुसऱ्या कुणाचा जोडावा लागला. बहीण पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "कॉलर त्यांची अशी नसायची."

ज्यानं आयुष्यभर घर चालवलं त्याचा एक धड फोटो घरात नसतो. मोबाइलमध्ये हजार फोटो असतात, त्यांत तो कडेला, अर्धा, कुणाच्या तरी मागे.

दहाव्याचा फोटो मी मालाच्या खर्चात करून देणार, हे ठरलेलं. आणि अशा माणसांचे फोटो ती हयात असताना निघावेत, यासाठी काहीतरी करायचं.

*

ते काहीतरी असं: जून-जुलैत, कामाच्या दिवशी सकाळी, साठी ओलांडलेल्यांचं साधं पोर्ट्रेट. एकच बॅकड्रॉप, एकच लाइट, अर्धा तास, एक आठ बाय बारा प्रिंट फ्रेमसकट. दर २,०००, नेहमीच्या दरपत्रकाबाहेर. माल ६०० रुपयांचा. माझा सगळा मिळून वेळ दोन तास.

हा दर पुण्यकर्म म्हणून लावलेला नाही. नेहमीच्या सिटिंगमध्ये साडेपाच तासांत ४,००० हाती येतात, तासाला साधारण ७२७. इथे दोन तासांत १,४००, तासाला ७००. जवळपास तेवढेच. जुलैत अशी बारा झाली तर १६,८०० येतात, ३२,००० च्या खड्ड्यातला निम्म्याहून जास्त भाग भरतो. सवलत द्यायची तर वेळ आधी कमी करायचा. वेळ तोच ठेवून दर उतरवला तर ती माझ्या मजुरीतली कपात झाली.

*

मालीच्या बामाको शहरात सेदू केइता यांनी १९४८ मध्ये स्टुडिओ उघडला. फिल्म महाग, म्हणून माणसाला नीट बसवायचं, हात कुठे, नजर कुठे, सगळं ठरवायचं आणि एकदाच बटण दाबायचं. मोठ्या निगेटिव्हवरून त्याच आकाराचा प्रिंट. पडदा म्हणून स्वतःच्या पलंगावरची नक्षीदार चादरसुद्धा वापरली. गिऱ्हाइकाला धरायला रेडिओ, घालायला सूट. आज ती पोर्ट्रेट जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत.

रोल होता तेव्हा ३६ फोटोंची किंमत डोळ्यांसमोर असायची. आता दाबलेल्या बटणाला पैसे पडत नाहीत असं वाटतं. पडतात, नंतर पडतात. २०० फोटो काढले तर निवडीचा तासभर आणि संगणकाचे दोन तास. ७० काढले तर यातला मोठा भाग वाचतो. शिवाय २०० रॉ फोटो म्हणजे साधारण ८ जीबी. वर्षाच्या १९२ सिटिंग म्हणजे दीड टीबी, दोन प्रती ठेवायच्या म्हणून तीन. हार्ड डिस्क फुकट येत नाही. मूळ फोटो वर्षभर जपले जातील, हे पावतीवर छापायचं.

*

फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला, चालवायला बाई नेमली. पडद्यातल्या स्त्रिया पुरुष फोटोग्राफरसमोर बसणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे १८९६ मध्ये मुंबईतही त्यांचा स्टुडिओ झाला.

माझा मदतनीस म्हणजे मुलगीच हवी, हे मी तिथून घेतलं. डोहाळजेवणाच्या फोटोत साडीची निरी सारखी करणं, बाळाला पाजायला आडोसा करून देणं, मंगळागौरीच्या मुलींना हसतं करणं हे तिच्यामुळे सोपं होईल. पगार १४,००० धरला आहे. किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, तो तपासत राहायचं. त्याखाली कधीच जायचं नाही.

*

आगाऊ रक्कम. तारीख ठरली की २,०००. उरलेले निवडीच्या दिवशी, प्रिंटला टाकण्याआधी. बाळ आजारी पडलं, घरात कुणी गेलं, तर तारीख बदलून मिळेल, पैसे कापायचे नाहीत.

प्रत्येक जुन्या स्टुडिओत एक कपाट असतं. फ्रेम करून ठेवलेले, कुणी न नेलेले फोटो त्यात उभे असतात. प्रत्येक फ्रेममध्ये मालकाची काच, लाकूड, कागद आणि साडेपाच तास अडकलेले. आगाऊचा नियम त्या कपाटासाठी आहे.

*

फोटो कुणाचा? भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणून दर्शनी काचेत किंवा जाहिरातीत फोटो लावायचा तर लेखी परवानगी हवी. बुकिंगच्या कागदावरच एक चौकट: परवानगी आहे, नाही. नाही म्हणणाऱ्याचा दर तोच. नमुन्याचे प्रिंट म्हणून मी महिन्याला पैसे ठेवले आहेत, त्यातून ओळखीच्या लोकांना बोलावून काचेतले फोटो करायचे.

*

कर. वर्षाची उलाढाल: महिन्याला सिटिंगचे ८०,००० आणि काउंटरचे २०,०००, बारा महिने, १२ लाख. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख. पहिली काही वर्षं बाहेर राहू.

पण २० लाख ओलांडतील त्या वर्षाचा विचार आजच करायचा. फोटोग्राफीच्या सेवेवर १८ टक्के. ५,००० ची सिटिंग ५,९०० ची होईल, आणि माझं गिऱ्हाईक घरगुती असल्यानं त्याला ते ९०० कुठेच वळते करून घेता येणार नाहीत. म्हणून १७-१८ लाखांवर आल्यावर दर एकदम न वाढवता आधीपासून थोडे थोडे वाढवत न्यायचे. छोट्या धंद्याला अंदाजित नफ्यावर आयकर भरायची सोय आहे: उलाढालीच्या ८ टक्के, डिजिटल जमेवर ६. ती घेतली तरी रोजची वही लिहायचीच. सरकारला ती लागो न लागो, मला लागते.

*

वर्ष संपलं की तीनच आकडे बघायचे. मजुरी बाराही महिने निघाली का? साधन निधीत ७५,००० आहेत का? तासाला ७०० च्या खाली गेलेलं काम कोणतं?

मजुरी निघाली नसेल तर हात घालायच्या गोष्टींचा क्रम ठरलेला आहे: आधी वेळ वाया जातो ती कामं, मग दर, मग जागा. मजुरी कापणं या यादीत नाही. सलग दोन वर्षं निघाली नाही तर गाळा सोडायचा, साधनं ठेवायची आणि लोकांच्या घरी जाऊन पोर्ट्रेट काढायची. ते अपयश नाही, कारण तेव्हाही कर्जाचा हप्ता जाईल आणि कॅमेरा हातात असेल.

*

आणि उरले तर? सगळं वजा जाऊन काही शिल्लक राहिलं तर पहिला हक्क मदतनीस मुलीचा. १४ चे १७ हजार करायचे म्हणजे वर्षाला ३६,०००. सिटिंगला ४,००० राहतात, म्हणजे वर्षात नऊ सिटिंग जास्त करायच्या. महिन्याला एकसुद्धा नाही. माझी मजुरी मी खर्चात धरतो, तर तिची वाढही नशिबावर सोडता येणार नाही. दुसऱ्या वर्षाचा अंदाज मांडताना त्या नऊ सिटिंग आधीच धरून चालायचं.